तळे नव्हे, खंदक

मित्रांनो, मी एक जुना खंदक आहे. तळे नाही! बागेच्या फाटकावरच्या पाटीवर मला ‘शोभेचे तळे’ म्हटले आहे. चारी बाजूंनी वळसा घालणारे तळे कोणी पाहिले आहे का?

माझ्यातून निघालेल्या मातीच्या भरावावर भुईकोट किल्ला उभा राहिला. माझ्यामुळे शत्रू कधी आत शिरला नाही. किल्ला संपवला तो शेजाऱ्यांनी. मालक गेले, छत बसले, आणि लोकांनी एकेक दगड गाडीत घालून नेला. आसपासच्या कितीतरी घरांचे उंबरठे म्हणजे आमचा बुरूज आहे. मोकळ्या जागेत बाग झाली. पाणी माझे, कौतुक गुलाबांचे!

एक माळी मात्र तीस वर्षे दर आठवड्याला माझी मोरी, म्हणजे पाणी बाहेर जाण्याची वाट, साफ करायचा. “काय रे, पुन्हा घसा धरला?” असे म्हणत हात घालायचा. मोरी नेमकी कुठे आहे, हे त्याला कोणी कधी विचारले नाही. मागच्या हिवाळ्यात तो गेला. मी तुंबलो, डास झाले, आणि इंजिनियरसाहेब टेप घेऊन आले.

“बुजवून टाकू. गाड्या लावायला जागा होईल.”

माळ्याची मुलगी धावत आली. “साहेब, फक्त मोरी तुंबलीय.”

“ताई, नकाशात मोरीच नाही.”

“नकाशात माझे बाबाही नाहीत. पण होते ना इथेच?”

साहेबांनी टेप गुंडाळली. “सोमवारी मातीचे ट्रक येतायत. तोवर दाखवा.”

रविवारी ती काठावर पालथी पडून पाण्याखालचे दगड चाचपू लागली. लहानपणी वडिलांनी जागा दाखवली होती, पण खुणेच्या पायऱ्या नव्या फरशीखाली गेलेल्या. अगं, डावीकडे! अजून डावीकडे! पण खंदकाचे ऐकतो कोण? दुपारी एकदाचा हात बरोबर पडला. कुजका पाला, पिशव्या, कोणाची तरी चप्पल निघाली, आणि माझे पाणी हलले. ती बराच वेळ ओला हात दुसऱ्या हातात धरून बसून राहिली.

सोमवारी साहेबांनी वाहते पाणी पाहिले आणि ट्रक परत पाठवले. “पण हे दर आठवड्याला करणार कोण?”

“शिकवते ना. आधी बाही वर करा.”

साहेब चक्क पालथे झाले!

मित्रांनो, जुने काही बुजवण्याआधी ते सांभाळणाऱ्याला विचारा. आणि तो असतानाच विचारा.