फोटोपुरता कोट

मी एक जुना कोट आहे. पालघर स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत, आरशाच्या बाजूला माझी खुंटी आहे. मित्रांनो, मी कोणा एकाचा नाही. अर्जावर कोट घातलेला फोटो हवा आणि घरी कोट नाही, अशा प्रत्येकाचा मी पाच मिनिटांपुरता असतो.

माझा जन्म १९६१ सालचा. स्टुडिओचे मालक बळवंत यांनी शिंप्याला सांगितले होते, "कोणाच्याबी अंगात बसला पायजे. मागून कसाबी दिसू दे, फोटोत पाठ येत नाय." म्हणून मी ढगळ आहे. बारीक माणसाने मला घातले, की पाठीमागून टाचण्या लावून मला आवळतात. माझ्या पाठीची चाळण झाली आहे.

पुढे तारापूरला अणुवीज केंद्राचे बांधकाम सुरू झाले आणि माझे नशीब उघडले. नोकरीच्या अर्जांसाठी घाटावरची, खानदेशातली माणसे येऊ लागली. त्यांतल्या काहींना नोकऱ्या लागल्या. ती म्हणू लागली, "हा कोट पायगुणाचा आहे." मलाही ते खरे वाटू लागले.

१९६७ च्या जानेवारीत कमलाकांत आणि त्याची धाकटी बहीण नलू चिंचणीहून आली. त्यांचे वडील डाय बनवत. ज्या पोलादी ठशावर सोन्याचा पत्रा दाबून सोनार दागिन्याची नक्षी उठवतात, ती डाय. कमलाकांत बांधकामावर एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. नलू गणित घेऊन बी.ए. झाली होती आणि घरी बसून मुलांच्या शिकवण्या घेत होती. दूरच्या एका शहरात कारभार कसा चालवावा हे शिकवणारी नवी संस्था निघाली होती. तिची प्रवेश परीक्षा मुंबईत होणार होती. फॉर्म आधी कमलाकांतने आणला. गणित त्याला जमेना, म्हणून नलू त्याला शिकवू लागली. शिकवता शिकवता तिने स्वतःसाठीही फॉर्म मागवला.

"ही परीक्षा देऊन काय होतं रे?" बळवंतांनी विचारले. ते आणि कमलाकांत एका वर्गातले.

"साहेब होतो," कमलाकांत म्हणाला. "आमचा साहेब माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. मला 'ए, इकडे ये' म्हणतो. मला एकदा त्याला तसं बोलवायचंय."

"आणि तू गं?"

"आमच्याकडे घरोघरी डाय होतात," नलू म्हणाली. "करणारे आम्ही आणि भाव सांगणारा मुंबईचा. आपला माल आपण कसा विकायचा, ते मला शिकायचंय."

"असलं काय अर्जात लिवू नको. हसतील."

"लिहिलंय," ती म्हणाली. तिला कोटाची गरज नव्हती, साडीतच तिचा फोटो निघाला. भावाच्या पाठीमागे टाचण्या मात्र तिनेच लावल्या.

मे महिन्यात कमलाकांत एकटाच आला. गावात टपाल उशिरा येई, म्हणून दोघांच्याही अर्जांवर त्याच्या ऑफिसचा पत्ता होता. दोन्ही पत्रे त्याच्या हातात होती आणि दोन्ही फोडलेली होती. पडद्याआड येऊन त्याने मला अंगात घातले आणि आरशासमोर उभे राहून ती पुन्हा वाचली. त्याला नकार होता. नलूला बारा जूनला मुलाखतीला बोलावले होते.

त्याने तिचे पत्र फाडले नाही. फाडले असते, तर ते आपण फाडले हे त्याला कायम ठाऊक राहिले असते. त्याने ते घडी करून माझ्या आतल्या खिशात सरकवले आणि मला खुंटीला अडकवले. खिसा फाटका होता. पत्र घसरून माझ्या अस्तरात गेले.

"आलं का काय?" बळवंतांनी विचारले.

"दोघांनाही नकार आला."

आठ दिवसांनी तो नलूला घेऊन आला. स्थळांना दाखवायला तिचा फोटो हवा होता. मुलाखतीला अजून दहा दिवस होते. मी तिच्यापासून हातभर अंतरावर लटकत होतो.

"दादा, माझ्या पत्रात नक्की काय लिहिलं होतं?" तिने विचारले.

"तुझं गणित कच्चं पडलं, आणखी काय," कमलाकांत म्हणाला.

तिने मान खाली घातली. "नलू, हनुवटी वर कर," बळवंत म्हणाले. त्यांना ते तीनदा सांगावे लागले. त्या महिन्यापासून तिने शिकवण्या बंद केल्या. आपल्यालाच गणित येत नाही तर मुलांना काय शिकवायचे, असे ती म्हणते, हे कमलाकांतनेच पुढे हसत हसत बळवंतांना सांगितले.

पुढच्या जानेवारीत लग्न झाल्यावर ती नवऱ्याबरोबर जोडफोटोला आली. नवरा माकुणसारचा, अंगाने बारीक. कमलाकांत दाराजवळच्या बाकावर बसला होता. नलूने मागून मला आवळले तसा नवरा म्हणाला, "छातीला काहीतरी टोचतंय." तिने फाटक्या खिशातून बोटे आत घातली आणि पत्र बाहेर काढले.

पत्र इंग्रजीत होते. ते तिने उभ्याने वाचले, मग पुन्हा वाचले. "दादा, हे इथे कोणी ठेवलं?"

"मी," कमलाकांत म्हणाला. "तू गेली असतीस आणि मी इथेच राहिलो असतो. गावात तोंड कसं दाखवणार होतो मी?"

"पत्राचं जाऊ दे. गणित कच्चं पडलं असं का सांगितलंस?"

नवऱ्याने पत्र घेऊन चाळले आणि त्याची नीट घडी केली. "आता त्याचं काय? तारीख गेली. आपली गाडी चुकेल, फोटो काढून घेऊ." मग जरा समजुतीने म्हणाला, "जपून ठेव. पाव्हण्यांना दाखवता येईल."

बळवंतांनी काळ्या कापडाखाली डोके घातले. फोटो काढला गेला. त्या फोटोत नवऱ्याच्या अंगावर मी रुबाबदार दिसतो.

यंदा, १९६९ च्या जानेवारीत, नलू एकटी आली. तिने त्याच परीक्षेचा नवा फॉर्म मागवला होता. पिशवीतून काढून तिने तो बळवंतांना दाखवला आणि एक फोटो काढा म्हणाली.

"घरी विचारलंस?" बळवंतांनी विचारले.

"नाही."

"मग विचारून ये. उद्या तुझा नवरा माझ्या दारात येल. मला ती भानगड नको."

ती फॉर्म पिशवीत ठेवून निघून गेली. अर्जाची मुदत संपून आता कितीतरी महिने झाले. ती परत आली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी स्वतःसाठी काही मागतात. झटकून ठेवा, ऊन दाखवा, असे सांगतात. मला ते मागवत नाही. मुलाखतीआधीचे अठरा दिवस ते पत्र माझ्याजवळ होते आणि मला वाचा नव्हती. तुम्हाला आहे. दुसऱ्याचे पत्र तुमच्या हाती आले, तर ते त्याच दिवशी त्याला नेऊन द्या. त्यात तुमचे नुकसान असले तरी द्या.