लपलेला लाल

थोरल्या बहिणीने आमच्या रोपवाटिकेत लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला, तर सगळी रोपं गुलाबी निघाली. एकही लाल नाही! त्यातच मूळ लाल झाडाचा कंद कुजला. माझं डोकंच फिरलं.

"घालवलास ना रंग? फेकून दे ही रोपं."

"लाल गेला नाही गं, लपलाय," ताई म्हणाली. "यांचं यांच्यातच बी धरू दे. चारांत एक लाल येईल, एक पांढरं आणि दोन गुलाबी."

"तुझं आपलं काहीतरीच!"

रोज दुपारी, फुलं उमलण्याआधी, ती कळ्यांवर मच्छरदाणीच्या पिशव्या बांधायची. किड्यांनी दुसरीकडचे पराग आणायला नकोत म्हणून. मिऱ्यासारखं काळं बी जमलं, आणि पेरणीआधी ती गेली. ध्यानीमनी नसताना.

बी मी पेरलं. फेकवेना.

परवा संध्याकाळी वाफा फुलला. बहुतेक गुलाबी, मधूनमधून पांढरी. मी तोंड वाकडं केलं. आणि कडेला दिसलं, तेच जुनं, ठसठशीत लाल. त्याच्यापुढे आणखी एक. मग आणखी.

"म्हटलं नव्हतं?" असं म्हणून ताईने मला दिवसभर पिडलं असतं. आज मी मुकाट ऐकून घेतलं असतं. मागे वळून, जन्मात पहिल्यांदा, मी म्हणालेसुद्धा, "बरं बाई, जिंकलीस."

दोरीवर तिच्या रिकाम्या पिशव्या हलत होत्या.