आस्लाक आजोबांचा ताल

मी मेट्रोनोम बोलतोय. पियानोवर टक्, टक् करत बसणारं ते लाकडी, त्रिकोणी यंत्र. पोटात स्प्रिंग, समोर डोलणारा काटा. किल्ली दिली की मी चालू. एकसारखं चालणं हा माझा धर्म, आणि खरं सांगायचं तर माझा गर्वही.

जन्म जर्मनीतला. तिथून ऑस्लोला, एका पियानो शिकवणाऱ्या बाईंकडे आलो. तीस वर्षं पोरांच्या शिव्या खाल्ल्या. "हा मेला थांबतच नाही!" म्हणत एकीनं मला उशीखाली कोंबलं होतं. मग बाई गेल्या आणि मी कपाटात धूळ खात पडलो.

बाहेर काढलं ते त्यांच्या लेकीनं, मारितनं. ती इस्पितळात मेंदूचा अभ्यास करते. माणसाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवायची, मला वाजवायचं आणि पडद्यावर बघत बसायचं. मीही बघायचो. अहो, काय गंमत! माझ्या प्रत्येक ठोक्याला मेंदूत लाट उठायची. चार-पाच ठोके झाले की ती ठोक्याच्या आधीच सावरून बसायची. मला मध्येच थांबवलं, तरी न वाजलेल्या ठोक्यालाही लाट यायची! माणूस मुकाट बसलेला, आणि आत हा सगळा कारभार. मला ते बघायचं वेडच लागलं.

कंपवाताचे रुग्ण यायचे. चालता चालता त्यांचे पाय जमिनीला खिळायचे. मी वाजलो की बरेचजण पुन्हा चालू लागायचे. मी भलताच फुशारलो.

मग आले आस्लाक आजोबा. टेलेमार्कच्या डोंगरातले, एक्याऐंशी वर्षांचे व्हायोलिनवाले. सोबत नात, दाग्ने. तीन आठवड्यांनी तिचं लग्न होतं. त्यांच्या गावात वरातीच्या पुढे व्हायोलिनवाला वाजवत चालतो. चर्चचा उंबरठा आधी तो ओलांडणार, मग नवरी. दाग्नेनं लहानपणीच सांगून ठेवलं होतं, "माझ्या पुढे आजोबाच." आणि आजोबांचे पाय नेमके दारातच थिजायचे.

मी वाजलो. आजोबा दोन पावलं टाकून थांबले. पुन्हा वाजलो, पुन्हा तेच.

"आजोबा, याच्याबरोबर टाच आपटा बघू," मारित म्हणाली.

त्यांनी आपटली. एक ठोका लांब, एक मधला, एक आखूड.

"तुमचा ताल सुटतोय. या आजारात होतं असं," मारित हळुवारपणे म्हणाली.

आजोबा भडकले. "सुटतोय? अगं पोरी, याच तालावर माझा बाप नाचला, त्याचा बाप नाचला! तुम्हा ऑस्लोवाल्यांना काय कळतंय कपाळ! आधी तो तुझा सुतारपक्षी बंद कर."

दाग्नेला हसू आवरेना. "आमच्याकडचा नाच असाच असतो हो. तीन ठोके, तिन्ही वेगळे. सारखे वाजवले तर लोक म्हणतात, याला वाजवता येत नाही."

मारितचा चेहरा उतरला. मीही हबकलो. सुतारपक्षी म्हणे! मारितनं आजोबांना टोपी घातली आणि मला वाजवलं. पडद्यावर नुसता गोंधळ. मग मला थांबवून दाग्नेनं टाच आपटली. लाटा उठल्या, लांब, मधली, आखूड. इतक्या नेटक्या, की माझ्यासाठी कधी उठल्या नव्हत्या. मला हेवा वाटला, आणि त्याहून जास्त नवल. जन्मभर पायांनी धरलेला ताल डोक्यात घर करून बसला होता.

आज लग्न. मारितलाही आमंत्रण आहे, मी तिच्या पिशवीत. आजोबा वाजवत वाजवत चर्चपर्यंत आले, आणि उंबरठ्याशी पाय थिजले. वाजवणं थांबलं. मागे सगळी वरात उभी. पाद्री पुढे झाले, "हात देऊ का?"

"नको!" आजोबा खेकसले. पण मान खाली गेली होती. नवरीचे डोळे भरले.

मारितनं घाईघाईनं मला बाहेर काढलं, किल्लीला बोटही लावलं. नको गं बाई, मी नको, असं मला ओरडावंसं वाटलं. कोण जाणे तिला काय वाटलं, तिनं मला दाराजवळच्या कठड्यावर ठेवलं आणि स्वतःच टाच आपटायला लागली. लांब, आखूड, मधला... सगळं चुकलं. वरातीत खसखस पिकली.

आजोबांनी मान वर केली. "अरे देवा! दुसरा किती आखूड घेतलास! असा नाही गं पोरी, असा..."

आणि तिला दाखवायला त्यांनी पाय उचलला. तो पडला तो उंबरठ्याच्या आत.

मग दाग्नेची टाच वाजली, नवरदेवाची वाजली, अख्खी वरात ठोके देत आत गेली. व्हायोलिन पुन्हा सुरू झालं.

मारित मला इथं कठड्यावरच विसरलीय. विसरू दे. आतून तो ताल ऐकू येतोय आणि मी मनातल्या मनात मोजतोय. लांब, मधला, आ... छे, पुन्हा चुकलं. तुम्ही इथून जात असाल तर एवढी कृपा करा, मला किल्ली देऊ नका. इतकी वर्षं मीच बोलत आलोय. आता जरा शिकू द्या.