रीतीचे गुण

मुमताज बागवान आणि मी नोकरीभर एकाच गोष्टीवरून भांडलो. गंज पेठेतल्या महापालिकेच्या शाळेत आम्ही दोघीही गणित शिकवायचो. मुलाचं उत्तर चुकलं, पण पायऱ्या बरोबर असल्या, तर मी रीतीचे गुण द्यायचे. मुमताज सरळ शून्य द्यायची.

"मंडईत गिऱ्हाईक तुझ्या पायऱ्या बघतं का गं?" ती विचारायची. तिच्या माहेरचा मंडईत फळांचा गाळा आहे आणि तिचं सगळं तत्त्वज्ञान तिथूनच येतं. "गिऱ्हाईक बेरीज बघतं. चुकली की शेजारच्या गाळ्यावर जातं."

"माझ्या वर्गात गिऱ्हाइकं नसतात, मुलं असतात," मी म्हणायचे. मग शिक्षक खोलीतले बाकीचे लोक आपापले डबे घेऊन लांब बसायचे.

पण गणितं तयार करावीत तर मुमताजनेच. पाठ्यपुस्तकातला दुकानदार कुणालाच कधी भेटलेला नसतो. मुमताजच्या गणितात तिचे खालिदमामा असायचे. ते सीताफळं विकत घेताना नेहमी फसायचे आणि विकताना भलतेच हुशार व्हायचे. पोरं हसत हसत शेकडेवारी शिकून जायची. सगळी गणितं तिने सुट्या कागदांवर लिहून ठेवली होती.

मी तिच्या आधी निवृत्त झाले. तिची निवृत्ती जवळ आली तेव्हा मी म्हटलं, या गणितांचं पुस्तक कर, नाहीतर तुझ्यामागून शाळेत खालिदमामांना ओळखणारं कुणी उरणार नाही. तिलाही ते पटलं होतं. आम्ही दोघी अप्पा बळवंत चौकात एका टायपिंग करून देणाऱ्याकडे गेलो. त्याने पहिल्यांदा सगळे अपूर्णांक एका ओळीत आडवे करून दिले. दुसऱ्यांदा वर्गमुळाचं छप्पर एकीकडे आणि आतली संख्या दुसरीकडे. तिसऱ्यांदा आम्ही गेलो तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, गणितं न घालता नुसती माहिती लिहिली तर नाही का चालणार?"

मुमताजने कागद पिशवीत भरले. "जाऊ दे, शर्मिला. पोरांना पाठ आहेत, बास झालं."

तिचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मला त्या माणसाचा संताप आला आणि त्या संतापात मी म्हणून बसले, "आण ती पिशवी. तुझ्या निरोप समारंभाला पुस्तक तुझ्या हातात देते. मी स्वतः करीन."

तोवर मी संगणकावर फक्त वीजबिल भरलं होतं.

मुमताजची मुलगी मेहनाज हिंजवडीत नोकरी करते. तिला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, लाटेक नावाचं सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय आणि गणितासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त आधी थोडं डोकं खातं."

"माझं डोकं पोरांनी आधीच खाल्लंय. सांग."

रविवारी येऊन तिने ते माझ्या संगणकावर बसवून दिलं. पुढची शिकवणी फोनवर. मेहनाज संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी निघायची आणि बस वाकडच्या पुलापाशी अडकली की माझा तास सुरू व्हायचा. रस्ता मोकळा असला की ती लवकर घरी पोहोचायची आणि तास बुडायचा. हिंजवडीला ट्रॅफिक तुंबावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली पुण्यातली मी एकटीच असेन.

या लाटेकची गंमत अशी की, समोर जे लिहितो ते पान नसतंच. एका बाजूला आपण नुसत्या सूचना लिहायच्या: हे शीर्षक, हा अपूर्णांक, याचा अंश हा, छेद हा. मग एक बटण दाबायचं आणि दुसऱ्या बाजूला खरं पान तयार होऊन येतं. पहिल्या दिवशी मी लिहिलं, 'नमस्कार, मुमताज'. बटण दाबलं. लाल अक्षरांत तक्रारी आल्या. महिरपी कंस उघडला होता, बंद केला नव्हता. आयुष्यभर पोरांना ज्यासाठी बोलले, तेच मला एक यंत्र ऐकवत होतं. कंस बंद केला, पुन्हा बटण दाबलं, आणि पानावर 'नमस्कार, मुमताज' असं काही देखणं उमटलं की मी खुर्चीतून उठून घरभर एक फेरी मारून आले.

त्यानंतर मी पहिला अपूर्णांक केला. तीन छेद चार. मधली रेघ अगदी सरळ, वर तीन, खाली चार, दोन्ही बरोबर मध्यावर. फळ्यावर इतकी सुंदर रेघ मला कधी जमली नव्हती. मी त्याचा फोटो काढून मेहनाजला पाठवला. तिने बसमधून अंगठा दाखवला. शेजारच्या सुंदराबाईंना बोलावून तो अपूर्णांक दाखवला, तर त्या म्हणाल्या, "छान आहे हो. पण हे तर तीन छेद चारच आहे ना?"

मला ते यंत्र आवडायला लागलं, कारण ते माझ्यासारखंच होतं. त्याला रीत हवी होती. पायरी चुकली की ते पुढे जायचं नाही. मी रोज थोडी गणितं लिहायचे, सूचनांसकट त्यांची छापील प्रत काढायचे आणि लाल पेन घेऊन ती वह्यांसारखी तपासायचे. सगळं पुस्तक असं तपासलं. शेवटी बटण दाबल्यावर एकही तक्रार आली नाही.

"मावशी, तयार झालेली पानं ओळन् ओळ वाचा हं," मेहनाज म्हणाली.

"अगं, मी सगळ्या पायऱ्या तपासल्यात. पायऱ्या बरोबर असल्या की उत्तर कुठे जातंय?"

तयार पानं मी चाळली, नाही असं नाही. अपूर्णांक पाहिले, वर्गमुळं पाहिली, खूश झाले आणि छापायला दिली.

निरोप समारंभ वार्षिक परीक्षेनंतर शाळेच्या हॉलमध्ये झाला. जुने विद्यार्थी इतके आले की मागचे उभेच होते. मुख्याध्यापकांचं भाषण झालं, शाल झाली. मग मी उठले आणि पुस्तक मुमताजच्या हातात दिलं. तिने मुखपृष्ठावरच्या स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. मी आधीच रुमाल काढला होता.

"वाचा ना, बाई," कुणीतरी म्हणालं.

तिने चष्मा लावला आणि तिचं लाडकं प्रकरण उघडलं, शेकडेवारी. माइकजवळ तोंड नेऊन ती वाचू लागली, "खालिदमामांनी मंडईत शंभर सीताफळं आणली. त्यातली पंधरा..."

ती थांबली. पान उलटलं. "मामांनी डाळिंबांवर दहा..." पुन्हा थांबली. अजून एक पान उलटलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"शर्मिला, पंधराच्या पुढचं कुठे गेलं?"

मी पुस्तक ओढून घेतलं. प्रकरणातल्या प्रत्येक गणिताचं शेपूट तुटलेलं. मध्येच एखादी संख्या यायची आणि तिथेच गणित संपायचं. मेहनाज धावत आली आणि पान पाहून तिने कपाळावर हात मारला.

"मावशी, टक्क्याचं चिन्ह. ते दिसलं की लाटेक त्या ओळीतलं पुढचं सगळं सोडून देतं. त्याला वाटतं, ती लिहिणाऱ्याची स्वतःपुरती टीप आहे. चिन्हाच्या आधी एक तिरपी रेघ द्यायची असते."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"सांगणार होते. त्या दिवशी वाकडला ट्रॅफिकच नव्हतं."

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. जिच्यासाठी एवढा उपद्व्याप केला, तिच्या हातात भर सभेत मी अर्धवट पुस्तक ठेवलं होतं, आणि तुटलं होतं तेही तिचं सगळ्यात आवडतं प्रकरण.

तेवढ्यात मागून एक दणदणीत आवाज आला. "पंधरा टक्के नासली, बाई. उरलेल्यातला पाचवा हिस्सा मामींनी घरी ठेवला. तर विकायला किती आणि मामांचं तोंड केवढं?"

तो आमचा जुना विद्यार्थी समाधान होता. आता मंडईत त्याचा स्वतःचा कांदे-बटाट्यांचा गाळा आहे. हॉल खळखळून हसला. मुमताजने पुस्तकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मामांचं तोंड मी कागदावर कधी लिहिलं नव्हतं," ती म्हणाली.

"वर्गात दरवर्षी विचारायचात," समाधान म्हणाला.

मुमताजने पुढचं गणित वाचलं. "डाळिंबांवर दहा..."

"टक्के सूट दिली, पण आधी भाव दहा टक्क्यांनी वाढवून ठेवला," खिडकीतून योगेश नावाचा दुसरा जुना विद्यार्थी ओरडला. "मामा म्हणतात नफा-तोटा नाही. मामा खोटं बोलतात की चुकतात?"

मग कुणी थांबेना. मुमताज अर्धं वाचायची आणि हॉल उरलेलं म्हणायचा. रिक्षावाला, नर्स, कॉलेजातली प्राध्यापक, सगळे. समारंभात वाटलेल्या प्रतींमध्ये लोक पेनाने गणितं पुरी करून लिहू लागले. मी सगळ्यांकडे बघत उभी राहिले. रुमाल अखेर कामी आला.

शेवटचं गणित झाल्यावर मुमताजने माइक हातात घेतला. "शर्मिलाबाईंचं उत्तर चुकलंय," ती म्हणाली. "पण आज मी रीतीचे पूर्ण गुण देते. पहिले आणि शेवटचे."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या घरी आली आणि संगणकासमोर बसली. मामांचं तोंड, मामींचा हिस्सा, सगळं आता पुस्तकात घालायचं होतं आणि ते तिला स्वतः लिहायचं होतं. मी तिला कंस दाखवले, तिरपी रेघ दाखवली. तिने एका बोटाने सीताफळांचं गणित टाइप केलं आणि ऐटीत बटण दाबलं. लाल अक्षरांत तक्रारी आल्या.

"हे काय? सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत माझ्या," मुमताज म्हणाली. "एक कंस तेवढा राहिला असेल. त्याने काय होतं?"

"गिऱ्हाईक पायऱ्या बघत नाही, मुमताज," मी म्हटलं आणि चहा टाकायला उठले.