दोन्ही निळ्या

"कुठल्या कंपनीची घेऊ?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. म्हणजे आता फिरतं. गेल्या उन्हाळ्यापर्यंत मी छाती ठोकून सांगायचो, निळी घ्या.

बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचे फोटो, प्रबंध, नकाशे बाहेर काढणं हा माझा धंदा. दुकानाच्या दाराला आतून बारा वर्षं खडूने रेघा मारत आलोय. डिस्क मेली की एक रेघ. कंपनीचं नाव लिहीत नाही, लेबलाचा रंग लिहितो. हिरवीखाली जागाच उरली नाही, चंदेरीखाली तिच्या निम्म्या रेघा, आणि निळीखाली बारा वर्षांत नऊ. फक्त नऊ!

तरी गिऱ्हाइकाला एक गोष्ट न चुकता बजावायचो. दोन प्रती ठेवा, आणि दोन वेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर ठेवा. एकाच दिवशी एकाच कारखान्यात बनलेल्या डिस्क कधीकधी एकाच रोगाने जातात.

मग ताईच्या घशाचं निघालं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. पण आधी तिने हजारभर वाक्यं वाचून ठेवली, तर नंतर एक यंत्र तिच्याच आवाजात तिच्यासाठी बोलेल. ताई जन्मभर लहान मुलांना शिकवत आली आणि उरलेल्या वेळात मला रागावत आली. तो आवाज आता जाणार होता.

सोळा दिवस ती स्वयंपाकघरात बसून वाचत होती. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, घामाच्या धारा. छापील वाक्यं संपल्यावर तिने पदरची घातली. "गाढवा, जेवायला ये." "आधी नखं काप."

"ताई, अगं यंत्राकडूनही मला बोलणीच?"

"मग काय, मोकाट सोडू तुला?"

लॅपटॉप तिच्या शाळेचा, पुसून परत द्यायचा होता. मी दोन प्रती केल्या. दोन्ही निळ्या डिस्कवर. एकाच खोक्यातून काढलेल्या, क्रमांकसुद्धा लागोपाठचे. परक्या माणसाला सांगितलं असतं, एक चंदेरी घे. पण सख्ख्या बहिणीचा आवाज मी दुय्यम मालात ठेवू? छे! एवढीच माझी अक्कल.

ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात यंत्रवाल्यांनी वाक्यं मागितली. पहिली डिस्क लावली. टक्. टक्. टक्. हा आवाज मी झोपेतही ओळखतो. दुसरी लावली. तीही तशीच.

झाकणं उघडली, तर दोन्हींच्या तबकड्यांवर गोल ओरखडे, जवळजवळ त्याच जागी. ज्या लेपावर सगळं लिहिलेलं असतं, तोच खरवडून गेला होता. तरी दुसऱ्या निळ्या डिस्कचे भाग काढून यांना बसवले, नऊ दिवस झगडलो. एक वाक्य निघालं नाही. "गाढवा" एवढा एक शब्द मिळाला असता तरी मी नाचलो असतो.

ताईला सांगायचा धीर होईना. शेवटी तीच दुकानात आली. गळ्याला पट्टी, हातात पाटी. टेबलावर उघड्या पडलेल्या दोन डिस्क तिने पाहिल्या आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"गेलं ताई, सगळं गेलं. माझ्यामुळे गेलं," मी म्हटलं.

ती दाराकडे गेली, खडू उचलला आणि निळीखाली दोन रेघा मारल्या. शेजारी स्टूल ओढून बसली. मी मान वर केली नाही. काय तोंड दाखवणार? दहा मिनिटं झाली असतील, पाटी माझ्या नाकाखाली आली.

"गप्प काय बसलास? ते काम आता माझं."

अक्षर तेच, फळ्यावरचं, गोल. मी ते वाक्य तिच्या आवाजात ऐकायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. दोन महिनेही झाले नव्हते, आणि मला तो आवाज आठवेना.