पाठीला टोचणारं सागवान

मित्रांनो, मी एक जुना वॉल पॅनल आहे. जुना म्हणजे फार वर्षांचा नाही. पण दमलेल्याचं वय कोण विचारतं?

जन्म.

तो थोडक्यात सांगतो. एका कारखान्यात प्लॅस्टिकची आणि दगडाची भुकटी तापवली आणि यंत्राच्या तोंडातून दाबून बाहेर काढली. तो मी. माझ्या अंगावर उभ्या पट्ट्या आहेत. उंच पट्टी, मग खाच, पुन्हा पट्टी, पुन्हा खाच. त्यावर सागवानाच्या रेषा छापलेला एक पातळ पापुद्रा चिकटवला. सागवानाला त्या रेषा मिळवायला कित्येक पावसाळे उभं राहावं लागतं. मला एक दुपार पुरली. माझ्या सगळ्या भावांच्या अंगावर लाकडाची तीच गाठ त्याच जागी होती.

तुमसरच्या एका दुकानात भिंतीला टेकून उभा राहिलो. मग उन्हाळ्यात भावांसोबत टेम्पोत आडवा पडून करडी गावात आलो.

घर.

करडीतलं हे घर लीलाबाईंचं. मुलगा अनुप राईस मिलमध्ये कामाला, सून सरिता घरी शिवणकाम करणारी. मला आणलं सरितानं. तिचं माहेर धरणाच्या पाण्यात गेलं. ती वाढली नव्या वसाहतीत, जिथे सगळी घरं एकाच रंगाची होती आणि लहानपणी ती दोनदा चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरली होती. हे तिनं मला बसवायला आलेल्या बंटीला हसत हसत सांगितलं. बंटी हसला. मी हसलो नाही, कारण मला एकसारखं असणं माहीत होतं.

"वहिनी, अख्खी भित घेऊन टाका," बंटी म्हणाला. "अर्धी लावली तं शर्ट घालून पँट नाही घातल्यासारखं दिसते."

"अख्खीच लाव," सरिता म्हणाली. "दारातून आल्याबरोबर दिसली पाहिजे."

लीलाबाई दारात उभ्या होत्या. "हे सागवान होय का गा, बंटी?"

"सागवानच समजा ना, आजी. वाळवी लागत नाही, ओल लागत नाही."

"दिसते तं खरं, माय," त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायला आत गेल्या. त्या घरात दारासमोरच्या भिंतीचा काय उपयोग होता, हे तेव्हा कोणीच बोललं नाही. लीलाबाईही नाही. उन्हाळ्यात ते कोणाच्या डोक्यात येत नाही.

कौतुक.

ते लवकर आटोपतो. गल्लीतली माणसं आली. हात फिरवून गेली. लग्न ठरायच्या मुली माझ्यासमोर उभ्या राहून फोटो काढून गेल्या. "थोडी सरक, मागचं सागवान दिसू दे." मी दिसलो. सरिता रोज कोरड्या फडक्यानं मला पुसायची, प्रत्येक खाच वेगळी, बोटाला फडकं गुंडाळून. कोणाचे केस लागले, हात लागला, की ती लगेच उठायची. मित्रांनो, कौतुकानंही माणूस दमतो. मी तर माणूसही नाही.

मग रोवणी लागली.

रोवणी म्हणजे धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, चिखलात ओळीनं लावायचे. दिवसभर कमरेत वाकून, मागे मागे सरकत. आज एकीच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, उद्या दुसरीच्या, सगळ्या मिळून. संध्याकाळी परत आल्यावर बायांना जेवणही सुचत नाही. हातपाय धुवायचे, जमिनीवर बसायचं, भिंतीला पाठ लावायची आणि पाय सरळ लांब करायचे. मग वाकलेली कंबर हळूहळू उघडते. करडीतल्या या गल्लीत त्यासाठी सगळ्या बाया एकाच भिंतीशी यायच्या. ती गार होती, सपाट होती, आणि दारातून वारा थेट तिच्यावर यायचा.

त्या भिंतीवर आता मी होतो.

त्या आल्या. ओळीनं बसल्या. टेकल्या.

"मावशी, हे भित चावते वो," शेजारची रत्नमाला म्हणाली.

"गप बस. नवी हाय," लीलाबाई म्हणाल्या.

"नवी हाय म्हणून चावते का? नवरा बी नवा होता माया, असा नाही चावत होता."

सगळ्या हसल्या. हसताना पाठी माझ्यावर घासल्या आणि हसू अर्ध्यावर थांबलं. तेवढ्यात सरिता आतून आली. "आई, डोकं नका टेकवू. तेल खाचेत गेलं का निघत नाही."

"नाही टेकवत वो, बाई."

दुसऱ्या दिवशी बाया रत्नमालाच्या घरी बसल्या. लीलाबाई गेल्या नाहीत. स्वतःचं घर सोडून शेजारणीच्या भिंतीशी बसलं, तर गल्ली सुनेला नावं ठेवील, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पाठीमागं चादर घडी करून ठेवली. मी गुळगुळीत, चादर घसरली. अनुपनं प्लॅस्टिकची खुर्ची आणली.

"पाय लोंबते, बाप्पा," लीलाबाई म्हणाल्या. "दिवसभर चिखलात राहून पाय सुजून राहिले. वर घेऊन बसू का पक्ष्यावानी?"

त्या खाटेच्या पायाशी बसू लागल्या. लाकडाचा एक पाय, तेवढ्याला पाठ किती लावणार? मी रोज समोरून बघत होतो. घरातला बोलण्याचा आवाज कमी झाला. मी चकाकत होतो.

एका दुपारी लीलाबाईंनी पिशवी भरली.

"मी जातो साधनाकडे, आंबागडले," त्या म्हणाल्या. साधना त्यांची मुलगी.

"रोवणी सोडून?" सरितानं विचारलं.

"तिथं बी रोवणी हाय. तिच्या घरची भित मातीची हाय. पाठ तं लावू देते."

"म्हणजे मी लावू देत नाही?"

"तू नाही वो. तुयी भित."

सरिता शिवणयंत्रावरून उठली. "साऱ्या जिंदगीत एक भित मी निवडली, आई. एक."

"मले मालूम हाय," लीलाबाई म्हणाल्या. "म्हणूनच तं काढ म्हणत नाही. जातो म्हणतो." पिशवीची गाठ मारून त्या पुढं म्हणाल्या, "परत कवा येईन ते आताच नको विचारू."

अनुप त्यांना मोटारसायकलवर सोडून आला. त्या दिवशी कोणी मला पुसलं नाही.

सकाळी रत्नमाला दारात. "तुमच्या बांधीत आमी साऱ्या रोवून गेलो. आज मायी बांधी. मावशी तं गेल्या. त्यांच्या जागी कोण येते?"

देणं घराचं होतं. सरितानं पदर खोचला.

ती लहानपणानंतर पहिल्यांदाच चिखलात उतरली असावी, कारण माहेरची शेतीही त्याच पाण्याखाली आहे. संध्याकाळी ती आली तेव्हा तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. तिनं हातपाय धुतले. जमिनीवर बसली. आणि विचार न करता मागे रेलली.

मित्रांनो, मला हलता आलं असतं, तर मी हललो असतो. माझ्या पट्ट्या तिच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना रुतल्या. तिनं थोडं सरकून पाहिलं. तिथंही पट्टीच. डोकं टेकवायला गेली आणि स्वतःच मागे वळून बघितलं, तेल लागलं का. मग ती जमिनीवर आडवी झाली आणि छताकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं लीलाबाईंना फोन लावला.

"आई, तुमी खाली बसल्यावर डोकं भितीले कुठवर येते?"

"काय?"

"बसून पाहा ना. साधनाताईले मोजाले सांगा."

"काहून वो? फोटो टांगतं का माया?"

"काहीच्या बाही नका बोलू. किती वीत?"

पलीकडे हालचाल झाली. कोणीतरी हसलं. "चार वीत म्हणते साधना."

"तिची वीत का तुमची?"

"तिचीच. माया हात आता पुरा उघडतेच कुठं? आन अंबाड्यासाठी चार बोटं वरतं धर. पण काहून?"

सरितानं फोन ठेवला. उठायला तिला जमिनीवर हात टेकावा लागला. तिनं शिवणाचा खडू घेतला आणि माझ्या अंगावर, साऱ्या भावांच्या अंगावर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक आडवी रेघ ओढली. अनुप शेजारच्या गोपीचंदकडून करवत घेऊन आला.

"अगं, बंटी म्हणे का अर्ध्यानं दिसाले..."

"बंटीची आई रोवणीले जाते का?"

अनुपनं खडूच्या रेघेवर पातं टेकवलं. करवत लागली. मला वाटलं दुखेल, पण प्लॅस्टिकला दुखत नाही, फक्त भुकटी उडते, जिच्यापासून मी झालो ती, आणि फरशीचा गारवा जो माझ्या पायांना

गेला.

इथून खाली मी नाही. माझा खालचा भाग मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला लावला आहे असं ऐकतो. तो मी होतो की नाही, हे मला सांगता येत नाही. भिंतीवर डिंकाचे कडक गोळे राहिले होते. ते सरितानं विळ्यानं खरवडले आणि तळहात फिरवून प्रत्येक जागा तपासली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अनुपच्या मोटारसायकलवर, लीलाबाई आल्या. दारात थांबल्या. खालची उघडी भिंत बघितली, मग मला.

"नवं होतं वो," त्या हळूच म्हणाल्या.

"बसा आता," सरिता म्हणाली.

त्या बसल्या. पाठ लावली. पाय लांब केले. त्यांच्या तोंडून निघाला तो शब्द नव्हता, नुसता श्वास होता. मागोमाग रत्नमाला आली, आणखी बाया आल्या. सरिता उभीच होती. ओळीत लीलाबाईंच्या बाजूला थोडी जागा होती. त्यांनी तिथं हात थोपटला.

"बस. तू बी तं वाकली दिवसभर."

मित्रांनो, आता फोटोसाठी माझ्याकडे कोणी येत नाही. मी अर्धा आहे, वाईट दिसतो, आणि दमलेलोही आहे. तुम्ही तुमचं घर जरूर सजवा. माझ्यासारखे पॅनलही लावा. फक्त लावण्याआधी त्या भिंतीशी रोज कोण बसतं, ते बघा. मला पुसायचं असेल तर कोरडं फडकं पुरतं, आणि त्याची घाई नाही. आत्ता या बाया बांधीतून आल्या आहेत. आधी त्यांना पाणी द्या.