खळ्यावरचा पंखा

चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या जिभेला गाठ पडते. सगळी नोकरी वाचनालयात झाली, आणि तिथली 'शांतता राखा' ही पाटी बहुधा मी एकट्यानेच मनावर घेतली. त्यामुळे वहिनी जेव्हा म्हणाल्या, "भावजी, या सभेत माझ्या बाजूनं तुम्ही बोला," तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त मांडणी होती.

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनींचा मुलगा शहरात आहे, आणि आईने शेत विकून आपल्याकडे यावं असा त्याचा धोशा आहे. वहिनींचे गुडघे टेकडीचा चढ मानत नाहीत, हे खरंच. अशात कंपनीची माणसं आली आणि टेकडीच्या माथ्यावर, वहिनींच्या शेतात, पवनचक्की उभारू म्हणाली. जागेच्या भाड्यात एक गडी ठेवता आला असता आणि वहिनींना घर सोडावं लागलं नसतं. गावाची हरकत नसेल तरच, एवढी कंपनीची अट होती.

गावाची हरकत होती. पवनचक्कीला सगळे पंखाच म्हणू लागले होते, आणि त्यावरूनच वाद.

"पंखा वारा देतो. हा तर वारा खाणार," न्हावी म्हणायचा.

"वारा खायला तू आहेस की दुकानाबाहेर दिवसभर!" खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून म्हणायचं.

पण खरा विरोध टेलरमास्तरांचा होता. त्यांचं घर टेकडीच्या पायथ्याशी. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि धारही.

वहिनींना नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. माझी आई गेली तेव्हा मी शाळेत होतो आणि वहिनी नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. दादा मला शेतावर न्यायला उठला की त्या म्हणायच्या, "राहू द्या, त्याचा धडा व्हायचाय." तो धडा पुढे कधी संपलाच नाही. माझ्या वाट्याचं काम त्या करत राहिल्या, आणि त्याबद्दल एका अक्षराने बोलल्या नाहीत. सगळ्या आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

सभा वाचनालयातच होती, कारण खुर्च्या तिथेच आहेत. तिरपं ऊन खिडकीतून आत आलं होतं. मी भाषण तोंडपाठ केलं होतं. उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "वाचकहो..."

खोलीत एकच हशा पिकला.

"वाचकहो कुणाला म्हणताय, पुस्तकराव?" टेलरमास्तर म्हणाले. "इथल्या निम्म्या लोकांनी नेलेली पुस्तकं अजून परत केली नाहीत!"

झालं. पाठ केलेलं भाषण वाऱ्यावर गेलं.

मास्तर उठले. त्यांच्या बगलेत जाळी काढलेला एक जुना टेबलफॅन होता. तो त्यांनी खिडकीत ठेवला आणि पाती बोटानं हळूहळू फिरवायला लागले. समोरच्या भिंतीवर ऊन, सावली, ऊन, सावली असं सुरू झालं.

"माझी खिडकी पश्चिमेला," ते म्हणाले. "संध्याकाळच्या उजेडात मी काजं करतो. माथ्यावर पंखा आला की माझ्या खोलीत हे असं. आता पुस्तकराव, तुम्ही शिकलेले. ही सुई घ्या, हा दोरा. ओवा."

मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो. सुईचं नाक दिसायचं, दोरा जवळ न्यावा तोवर नाहीसं व्हायचं.

"थुंकी लावा!" मागून कुणीतरी सुचवलं.

"चष्मा बदला!"

मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा केला. मग हात खाली घेतले.

"चष्म्याचा दोष नाही," मी म्हणालो. "मास्तरांचं बरोबर आहे. हे रोज होणार असेल तर त्यांनी काम कसं करायचं?"

मी खाली बसलो. ज्यांची बाजू मांडायला आलो होतो, त्यांची बाजू मी स्वतःच्या हातानं बुडवली होती. वहिनींकडे बघायचं धाडस होईना.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वहिनी समोरच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहत होत्या. कंपनीच्या तरुण इंजिनिअरबाई कोपऱ्यात नकाशा घेऊन बसल्या होत्या. त्यांना वहिनींनी विचारलं, "बाई, पंखा माथ्यावर नको. खाली माझ्या खळ्यावर उभारला, तर सावली कुठं जाईल?"

वहिनींचं खळं शेताच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीच्या पलीकडच्या उतारावर आहे. यंत्रं येण्याआधी सगळं गाव तिथे धान्य उफणायला यायचं. इतरत्र वारा पडला तरी तिथे झुळूक असायचीच. बायका सुपं भरून गप्पा मारत थांबायच्या, आणि झुळूक जाणवली की वहिनी ओरडायच्या, "वारं आलं!" की सगळ्यांचे हात एकदम वर. वहिनींनी तिथे कधी कुणाला अडवलं नाही.

इंजिनिअरबाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "ती जागा आम्ही पाहिली होती, आजी. वारा चांगला आहे. पण तुमचं खळं जाईल. आणि सकाळची सावली लांबून का होईना, तुमच्याच स्वयंपाकघरावर येईल."

"आणि मास्तरांच्या खिडकीवर?"

"तिथं नाही पोचणार. मध्ये टेकडी येते."

"मग झालं तर! मला कुठं काजं करायचीत?"

मास्तर गडबडले. फॅनवरचं बोट थांबलं. "अहो वहिनी, मी काही तुमच्या घरावर ढकलत नव्हतो..."

"तुम्ही कशाला ढकलताय? मीच ओढून घेतेय. त्या खळ्याचा वारा गावानं इतकी वर्षं वापरला. आता जरा मी वापरते."

होकाराचा पहिला हात न्हाव्याचा वर गेला. मास्तरांचा दुसरा.

घरी जाताना मी म्हणालो, "वहिनी, मी तुमचं काम बिघडवलंच होतं."

"दोरा ओवला असं तुम्ही खोटं म्हणाला असता, तर मास्तर पुन्हा माझ्या वाऱ्याला उभे राहिले नसते," त्या म्हणाल्या. थोडं चालून पुढे म्हणाल्या, "आणि ते 'वाचकहो' छान झालं. पुस्तकं तरी परत येतील."

तीन आली.

पंखा उभा राहिला. तो फिरायला लागला त्याच आठवड्यात टेलरमास्तर जाड दुहेरी कापडाचा पडदा घेऊन आले. वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं माप त्यांनी कधी घेतलं कोण जाणे, पण पडदा बोटभरही कमीजास्त झाला नाही. वहिनींनी तो कौतुकानं लावला. मात्र सकाळी त्या तो बाजूला बांधून ठेवतात.

मी रोज सकाळी तिथे चहाला जातो. वहिनी शेगडीपाशी, मी दाराजवळ पुस्तक उघडून. बाहेर सगळं स्तब्ध असतं. मग मांडणीवरच्या भांड्यांवरून एक लांब सावली सरकते, तिच्यामागे दुसरी.

"वारं आलं!" वहिनी ओरडतात.

माझे हात आपोआप वर जातात. सूप नसतं त्यांत, पुस्तक असतं. वहिनी हसतात, आणि मला पुढची ओळ काही केल्या सापडत नाही.